माळ्यावरची क्रिकेट-कार्डे आणि संग्रहालयाचे दार

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचे, १९५२ साली टॉप्स कंपनीने छापलेले एक पुठ्ठ्याचे कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १०० कोटी रुपयांना विकले गेले. अशा बातम्या अधूनमधून मोबाइलवर येत राहतात आणि त्या आल्या की जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या घरात कोणाला तरी माळ्यावरची पत्र्याची पेटी आठवते. आमच्या घरची पेटी मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत खाली आली. थोरल्या भावाने शाळकरी वयात जमवलेली क्रिकेटपटूंची काही शे चित्रे तिच्यात रबरबँडने बांधून ठेवली होती. काकूंनी एक गठ्ठा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि अहिराणीत सरळ विचारले, "हाई काय कामनं शे?"

प्रश्न रास्त होता. त्यावर घरात जी चर्चा झाली तिच्यात रद्दीवाल्यापासून पुण्याच्या संग्रहालयापर्यंत सगळ्यांची नावे निघाली आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एखादा तरी गैरसमज होता. असा संग्रह संग्रहालयाला किंवा सेवाभावी संस्थेला द्यायचा म्हणजे काय करायचे, हे त्या निमित्ताने समजून घ्यावे लागले.

ही कार्डे आली कोठून

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून त्यांत जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. हा तुकडा कोरा ठेवण्याऐवजी त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुढचे चित्र मिळवण्यासाठी पुन्हा आपलेच पाकीट घेईल, हे कंपन्यांच्या लवकरच ध्यानात आले. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंची ५० कार्डांची मालिका काढली. इंग्लंडकडून खेळलेल्या आपल्या रणजितसिंहजींची चित्रेही अशा सिगारेट-कार्डांवर आलेली आहेत. अमेरिकेत पुढे तंबाखूची जागा बबलगमने घेतली.

आपल्याकडे १९८७ च्या विश्वचषकाच्या सुमारास बिग फन बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रे मिळू लागली. त्यांवर धावा किंवा बळी छापलेले असत आणि ठरावीक बेरीज जमली की त्या बदल्यात पाने भरभर उलटली असता हलते चित्र दिसणारी छोटी पुस्तिका मिळे. त्यानंतर कुस्तीगिरांची उंची, वजन आणि क्रमांक लावून खेळायची ट्रम्प कार्डे आली आणि अलीकडे आयपीएलची चकचकीत कार्डे आली. घरातला संग्रह म्हणजे बहुधा या तिन्हींची खिचडी असते.

जुने आहे म्हणजे मौल्यवान आहे का?

नाही, आणि येथेच बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो. मँटलचे ते कार्ड महाग झाले त्याला एक विचित्र कारण आहे. १९५२ च्या मालिकेतील शेवटच्या टप्प्याची कार्डे, ज्यांत मँटलचेही होते, हंगाम संपत आल्यावर बाजारात आली आणि खपली नाहीत. गोदामात अडकलेला तो माल टॉप्सने १९६० साली अटलांटिक महासागरात बुडवला. जी थोडी उरली त्यांतली चांगल्या स्थितीतील फारच थोडी निघाली. याच्या उलट १९८० च्या दशकाच्या अखेरीस, कार्डे म्हणजे गुंतवणूक असे वाटून लोकांनी ती खोक्यांनी घेऊन ठेवली, कंपन्यांनीही बेसुमार छापली, आणि आज त्या काळातल्या अमेरिकी कार्डांच्या गठ्ठ्यांना कोणी विचारत नाही. सगळ्यांनी एकाच वर्षी कांदा लावल्यावर बाजारात जे होते तेच येथे झाले.

दुसरा मुद्दा प्रतवारीचा. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर मूठभर कापूस हातात घेतो, धाग्याची लांबी आणि ओलावा पाहतो, आणि एकाच गावच्या दोन गाड्यांना वेगवेगळा भाव लागतो. कार्डांचेही तसेच आहे. अमेरिकेत पीएसए ही १९९१ पासूनची कंपनी कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मध्यावर छापले आहे की नाही हे पाहून त्याला १ ते १० असा दर्जा देते. एक कोपरा दुमडलेला असला तरी भाव कित्येक पटींनी उतरतो. रबरबँडने प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या-खालच्या कार्डाला जी खाच पाडली होती ती पाहून आमच्या भावाने स्वतःच सुस्कारा सोडला.

बाजारभाव आणि संग्रहालयाच्या दृष्टीने महत्त्व या मात्र वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला बाजारात दहा रुपये येणार नाहीत असे कार्डही, नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावातली मुले काय विकत घेत होती, कोणाला नायक मानत होती याचा पुरावा ठरू शकते. संग्रहालयाला या दुसऱ्या गोष्टीत रस असतो.

फुकट देत आहोत, तर ते नको का म्हणतील?

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असे आपण म्हणतो. संग्रहालयाला मात्र ते मोजावेच लागतात, कारण त्या गाईचा चारा-पाणी पुढे कायम त्यांनाच करायचा असतो. एखादी वस्तू संग्रहालयाने 'दाखल' केली, म्हणजे दाखल-नोंदवहीत तिला कायमचा क्रमांक दिला, की तिची नोंद, छायाचित्र, साठवण, कीड-नियंत्रण आणि अधूनमधून तपासणी ही सगळी जबाबदारी येते. हजार कार्डे म्हणजे हजार नोंदी, आणि हे काम करणारा माणूस लहान संस्थेत बहुधा एकच असतो. त्यामुळे ते आधी स्वतःला विचारतात की ही वस्तू आपल्या विषयात बसते का, आपल्याकडे अशीच आधीपासून आहे का, ती सांभाळण्याची आपली ऐपत आहे का. हस्तलिखिते जमवणाऱ्या संस्थेने क्रिकेटची कार्डे नाकारली तर त्यात अपमान नाही. किराणा दुकानदाराने सिमेंटची गोणी ठेवून घेतली नाही इतकाच त्याचा अर्थ.

म्हणून पहिले पाऊल पेटी उचलून नेण्याचे नसून पत्र लिहिण्याचे आहे. पुण्यात 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे पूर्णपणे क्रिकेटला वाहिलेले संग्रहालय २०१२ पासून आहे, कोलकात्यात 'फॅनॅटिक' हे क्रीडासंग्रहालय आहे. पण कोणत्याही संस्थेला न विचारता पार्सल पाठवणे हा दोन्ही बाजूंना ताप आहे. तिला वस्तू नको असली तर परत पाठवण्याचा खर्चही कोणी करायचा, हा प्रश्न उभा राहतो.

एका आजारी माणसाने हे कसे केले

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथील जेफरसन बर्डिक यांचे आहे. विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात जुळणीचे काम करणारा हा अविवाहित मनुष्य संधिवाताने जखडत चालला होता. त्याने आयुष्यभर जमवलेल्या छापील कागदी वस्तूंची संख्या तीन लाखांहून अधिक होती आणि त्यांत सुमारे ३०,००० बेसबॉल कार्डे होती. १९४७ साली त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला ती देऊ केली. जगभरातील अभिजात चित्रे सांभाळणाऱ्या संस्थेने सिगारेटच्या पाकिटातले तुकडे का घ्यावेत?

त्यांनी घेतले, कारण बर्डिकने ढीग आणला नव्हता. त्याने अमेरिकेतील कार्डांची सूची स्वतः तयार करून प्रसिद्ध केली होती, प्रत्येक मालिकेला अक्षर आणि क्रमांक दिला होता. आज सर्वांत प्रसिद्ध समजले जाणारे, बेसबॉलपटू होनस वॅगनरचे कार्ड 'टी-२०६' मालिकेतले म्हणून ओळखले जाते. त्यातला 'टी' तंबाखूचा आहे आणि तो क्रमांक बर्डिकच्याच सूचीतला आहे. पुढे कित्येक वर्षे तो संग्रहालयात येऊन, वाकड्या झालेल्या बोटांनी कार्डे अल्बमात लावत बसला. जानेवारी १९६३ मध्ये त्याने काम संपवले आणि मार्चमध्ये तो वारला. (त्याने कार्डे खळीने चिकटवली होती, ते मात्र आज कोणी करू नये.) ब्रिटिश म्युझियमलाही १९९५ साली एडवर्ड व्हार्टन-टायगर यांच्या मृत्युपत्राने सुमारे दहा लाख सिगारेट-कार्डे मिळाली, आणि तीही अशीच मालिकावार लावलेली होती.

आपल्या घरी बर्डिक नसतो हे खरे. तरी मालिका, वर्ष, खेळाडू, स्थिती आणि संख्या असे पाच रकाने आखलेली एक वही शाळेत जाणारा पुतण्याही दोन रविवारांत भरू शकतो, आणि ती वही पाहिल्यावर पत्राला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढते.

कार्डाचा सातबारा

संग्रहालयशास्त्रात वस्तूच्या मालकीच्या आणि प्रवासाच्या इतिहासाला फार मान असतो. आपण त्याला वस्तूचा सातबारा म्हणू. शेत कितीही काळेभोर असले तरी उताऱ्यावर नाव कोणाचे, हे पाहिल्याशिवाय कोणी व्यवहार करत नाही. त्याचप्रमाणे हे कार्ड कोणी, केव्हा, कोठे, कसे मिळवले, ते कोणाकडून कोणाकडे गेले, हे माहीत नसलेली वस्तू संग्रहालयात मुकी होऊन पडते.

हे खानदेशाला नव्याने सांगण्याची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतील दप्तरे गोळा करत, आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे निधन झाल्यावर १९२७ साली त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्या कागदांना घरचे लोक केराचा डबा दाखवत होते त्यांतून इतिहास निघाला. कागद कोणाच्या वाड्यातला, कोणत्या गावचा हे ठाऊक नसेल, तर तोच कागद निम्म्या मोलाचा होतो. बबलगमच्या चित्रांची तुलना पेशवाईच्या पत्रांशी करणे काहींना थट्टा वाटेल, पण त्या पत्रांनाही त्यांच्या काळात कोणी इतिहास समजत नव्हते.

म्हणून भावाला समोर बसवून आम्ही त्याच्या आठवणी लिहून घेतल्या. शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर गम किती पैशांना मिळे, एका कपिल देवच्या बदल्यात कोणती किती कार्डे द्यावी लागत, कोणते चित्र गावात कोणाकडेच नव्हते, असे सगळे त्यात आले. तीन फुलस्केप पाने झाली. माझ्या मते ती तीन पाने आख्ख्या पेटीइतकीच देण्याजोगी आहेत.

करात सवलत मिळेल ना?

हा प्रश्न अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याने विचारला आणि गोंधळ तेथूनच सुरू झाला, कारण इंटरनेटवर जे वाचायला मिळते ते बहुतेक अमेरिकेचे असते. तेथे वस्तू दान केली तरी तिच्या बाजारभावाइतकी वजावट मागता येते, पण ५,००० डॉलरच्या वरच्या दाव्याला पात्र मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो. शिवाय वस्तूचा उपयोग संस्थेच्या कार्याशी संबंधित असावा लागतो. क्रीडासंग्रहालयाने कार्ड जतन केले तर बाजारभाव धरता येतो. रुग्णालयाच्या मदतनिधीने ते लिलावात विकून टाकले तर दात्याला साधारणपणे खरेदी-किमतीपुरतीच वजावट मिळते.

भारतात मामला सोपा आहे, आणि दात्याच्या दृष्टीने निराशेचा. लोकांच्या तोंडी '८०जी' म्हणून बसलेली देणगीवरची आयकर-सवलत केवळ पैशाच्या दानाला आहे, वस्तूच्या दानाला ती मिळत नाही. पैशातही रोख २,००० रुपयांच्या वरची देणगी वजावटीस चालत नाही, ती चेकने किंवा बँकेतून द्यावी लागते. ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्यांना ही वजावट मिळतच नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असल्यामुळे जुन्या क्रमांकावर विसंबून अर्ज भरू नये. एखाद्या संस्थेचा प्रतिनिधी "कार्डे द्या, आम्ही लाखाची ८०जी पावती देतो" म्हणाला, तर त्याच्यापासून दूर राहावे हे बरे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. तुमचा हेतू अनाथाश्रमाला किंवा रुग्णालयाला आर्थिक मदत करण्याचा असेल, तर कार्डे विकून आलेले पैसे बँकेमार्फत देणे त्यांच्याही सोयीचे आणि तुमच्याही. विकलेल्या वस्तूवर कर लागतो की नाही, हे रक्कम मोठी असल्यास आपल्या सीएला विचारावे. वस्तू जपली जावी हा हेतू असेल, तर संग्रहालय. दोन्ही हेतू एकाच पेटीत कोंबले की दोन्ही बिघडतात.

कागदपत्रे लागतात का?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार घर-शेताच्या बक्षीसपत्राची नोंदणी लागते, पण जंगम वस्तूचे दान ती प्रत्यक्ष हवाली करूनही पूर्ण होते. मात्र घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलेले असावे लागते. "माझ्यामागे हे संग्रहालयाला द्या" असे नुसते बोलून ठेवले तर ते दान नव्हे. तशी इच्छा असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्र करावे आणि संस्थेला आधीच विचारून ठेवावे, कारण मृत्युपत्रात नाव घातले म्हणून घेण्याचे बंधन संस्थेवर येत नाही.

कायद्याने सक्ती नसली तरी एक साधे दानपत्र दोन प्रतींत करावे. काय दिले त्याची यादी, मालक आपणच असल्याचे निवेदन आणि संस्थेची पोच त्यात असावी. भावंडांची सामाईक पेटी असेल तर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. पेटी गेल्यावर तिसऱ्या वर्षी "माझा सचिन कोठे गेला" असे विचारणारा भाऊ प्रत्येक घरात असतो. संस्था नोंदणीकृत विश्वस्त संस्था आहे का, हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील नोंदणी क्रमांकावरून तपासता येते. शंभर वर्षांपूर्वीचे सिगारेट-कार्ड सापडले आणि ते परदेशी पाठवायचे मनात आले, तर थांबावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावस्तू कायदा, १९७२ च्या कक्षेत येऊ शकतात आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

आमची कार्डे कायम मांडून ठेवतील का? आणि विकली तर?

अशी अट घालू नये. प्रकाशाने छपाईचे रंग उडतात, म्हणून मेट्रोपॉलिटनमध्येसुद्धा बर्डिकची कार्डे आळीपाळीने थोडी थोडीच मांडतात. कोणत्याही संग्रहालयात जेवढे दिसते त्याहून कितीतरी अधिक कपाटात असते, आणि कपाटात असणे म्हणजे अडगळीत असणे नव्हे.

विकण्याची भीती अगदीच निराधार नाही. संग्रहालये काही वेळा वस्तू 'नोंदीतून कमी' करतात. दुसरी चांगली प्रत मिळाली, विषय बदलला, वस्तू खराब झाली, अशी त्याची कारणे असतात. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या आचारसंहितेनुसार त्यातून आलेला पैसा संग्रहाच्याच कामी लागला पाहिजे. दिलेली वस्तू मनाला येईल तेव्हा परत मागण्याचा हक्क दात्याला नसतो, म्हणून जे विचारायचे ते देण्यापूर्वी विचारावे. "भविष्यात नको झाल्यास आधी आम्हाला किंवा दुसऱ्या सार्वजनिक संस्थेला विचारावे" एवढी विनंती दानपत्रात असू शकते, आणि समंजस संस्था ती मान्य करते.

उरलेल्या गठ्ठ्याचे काय

संग्रहालय बहुधा त्यांतली थोडीच कार्डे निवडते. दुबार आणि दुमडलेली कार्डे मग मुलांकडे जावीत. वसतिगृह, आश्रमशाळा, गावचे वाचनालय, रुग्णालयाचा बालविभाग यांना हाताळायला, खेळायला, आकडे वाचायला ती छान असतात. अमेरिकेत साध्या कार्डांचे गठ्ठे करून मुलांना वाटणारे गटच आहेत. येथेही आधी विचारावे, आणि फाटकी कार्डे देऊन पुण्य लाटू नये.

तोवर जपायचे कसे

हा भाग खानदेशात इतर ठिकाणांपेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. भुसावळ-जळगावकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या छताखालचा माळा भट्टी होतो, आणि लगेच मागून दमट पावसाळा येतो. या चढउताराने पुठ्ठा वाकतो, त्याचे थर सुटतात, आणि कसर व वाळवी उरलेले काम करतात. म्हणून पेटी आधी माळ्यावरून खाली आणावी आणि घरातील सर्वांत थंड, कोरड्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, जमिनीपासून वर ठेवावी. रबरबँड, सेलोटेप आणि स्टेपलर वर्ज्य. वास येणाऱ्या मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकचे खिसे कालांतराने चिकट होऊन छपाई ओढून घेतात, त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिएस्टरचे घ्यावेत. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आमच्या एका नातलगाने हौसेने वीस चित्रे लॅमिनेट करून आणली होती. ती आता कोणत्याही संग्रहालयाच्या उपयोगाची राहिलेली नाहीत, कारण प्लॅस्टिक सोलायला गेले की चित्रही सोबत येते.

एवढे करून नकार आला तर?

येऊ शकतो. तो लेखी मागून घ्यावा आणि त्यातच "आमच्याऐवजी कोणाला विचारावे" असेही विचारावे, कारण कोण काय जमवते हे संग्रहालयातल्या लोकांना एकमेकांविषयी चांगले ठाऊक असते. त्याच वेळी सगळी कार्डे दोन्ही बाजूंनी स्कॅन करून त्या प्रतींना यादी आणि आठवणींची पाने जोडून ठेवावीत. वस्तू ठेवायला जागा नसलेली संस्थासुद्धा अशी माहिती आनंदाने घेऊ शकते. मात्र कार्ड आपले असले तरी त्यावरील छायाचित्राचा स्वामित्वहक्क आपला नसतो, हे त्या प्रती छापण्यापूर्वी ध्यानात ठेवावे. आमच्या पत्राला अजून उत्तर आलेले नाही. पेटी सध्या देवघरालगतच्या खोलीत लाकडी पाटावर आहे, आणि तिच्यावर यादीची वही ठेवली आहे. काकूंनी परवा ती उघडून "ह्यात गावसकर का नाही?" असे विचारले.